विजयाताईंचं न बोललेलं वाक्य

मोठ्या खेळांच्या उद्घाटनाची तालीम होते, तेव्हा राष्ट्रपतींच्या जागी कोण उभं राहतं, विचारलंत कधी? नाही ना? मग ऐका.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या विजयाताई शाळेत खेळ शिकवायच्या. पंधरा वर्षांपूर्वी मल्लखांबाच्या मुली घेऊन त्या दिल्लीला गेल्या, एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या उद्घाटनात कसरती दाखवायला. तिथे तालीम घेणाऱ्या साहेबानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "मॅडम, कद बिलकुल सही है. इधर आइए." माइक नि दिव्यांचा झोत जुळवायला राष्ट्रपतींच्या उंचीचं कुणीतरी हवं होतं.

तीन दिवस ताई त्या जागी उभ्या राहिल्या. समोरून देशोदेशीचे झेंडे गेले, बँड वाजला. पण "मी हे खेळ सुरू झाल्याचं जाहीर करते" म्हणायची वेळ आली की साहेब ओरडायचा, "वो लाइन नहीं! दस तक गिनती बोलिए."

खऱ्या दिवशी ताई मैदानामागे मुलींच्या वेण्या घालत होत्या. ते वाक्य भोंग्यातून ऐकलं, आणि तेव्हापासून ते घशात अडकून बसलंय. भाजी निवडतानाही ओठ हलतात. सून गौरी चिडवते, "आई, झालं का मेथीचं उद्घाटन?"

गेल्या हिवाळ्यात उज्जैनलाच एका स्पर्धेसाठी परदेशी संघ यायचे होते, उद्घाटनाला दिल्लीचे मंत्री. तालमीचं काम ताईंच्या जुन्या विद्यार्थ्याकडे, हर्षलकडे होतं. त्यानं ताईंना मंचावर चढवलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आज बोलूनच टाका. मी काही ऐकलं नाही."

समोर शाळेची पोरं हातात देशांच्या पाट्या धरून उभी होती. ताईंनी माइक धरला. ओठ उघडले. मिटले. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एक, दोन, तीन..." थेट दहापर्यंत.

"क्या मॅडम! मौका दिला होता!"

"गाढवा, ही पोरं खोटे खेळाडू, मी खोटी पाहुणी. आता वाक्यही खोटं करू?"

दुसऱ्या दिवशी मंत्री दोन तास उशिरा आले, चिठ्ठी वाचली, गेले. टाळ्यासुद्धा मिळाल्या, काय करणार!

तेव्हा एक करा. तुमच्या कॉलनीत पोरांची साधी लंगडी असली तरी चालेल, पण खरी असू द्या. विजयाताईंना बोलवा. शाल-नारळ नको. माइक हातात द्या, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत कुणी शिट्टी वाजवू नका.