हिरव्या काड्यांचं कालवण

माझा मुलगा सकाळी कामाला निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायचा. कपाटाची किल्ली खिशात. सुट्टीच्या दिवशीही सुनेचं रांधून झालं की लगेच काढायचा. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि घरभर गॅसचा वास सुटला, तेव्हापासून हे सुरू झालं. सून फोनवर बोलता बोलता किती पोळ्या करपवते, तिला कोणी काही म्हणत नाही. वसईच्या वाडीत मी घरच्यांचं आणि मजुरांचं एकटीने रांधलं. आता चंदनसारच्या फ्लॅटमध्ये दुपारी गारढोण भात गिळायचा, का तर म्हातारी घर पेटवेल.

त्या रविवारी सुनेने मॉलमधून ॲस्परॅगसच्या दोन जुड्या आणल्या. मी तो जन्मात पाहिला नव्हता. पेन्सिलीएवढ्या हिरव्या काड्या, टोकाला मिटलेला शेंडा.

"आई, हे जमिनीतून वर येणारे कोंब असतात," ती म्हणाली.

कोंब म्हटल्यावर मला शेवळं आठवली, तेही रानातले कोंबच. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बाया चिंचोटीच्या रानातून आणायच्या. आंबट घालून नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की थुंकी गिळवत नाही. सुनेने मात्र काड्यांची बुडखं मोडून कचऱ्यात टाकली, शेंडे बटरमध्ये जरा परतले, मीठ-मिरपूड घातली आणि ताटात वाढले.

"हे कच्चं आहे. घसा खाजेल."

"नाही हो आई, असंच खातात."

"कोण खातं?"

मुलगा हसला. "सगळं जग खातं. तू एकटी राहिलीस."

मी एक चावली. गवताला लोणी लावल्यासारखी लागली. त्याच्या हसण्याने माझं डोकं मात्र फिरलं.

"दुसरी जुडी मला दे. आणि रेग्युलेटर लाव."

"आई, उगाच हट्ट नको. काय पाहिजे ते ही करून देईल."

"मला करून नको. मला करायचंय."

"बरं, मी बाजूला उभा राहतो."

"तू काय पोलीस आहेस? जा, टीव्ही बघ."

त्याने रेग्युलेटर लावला, पण गेला नाही. दारात उभा राहिला. परीक्षेला बसवल्यासारखी मी माझ्याच ओट्यापाशी लसूण ठेचत होते. शेवळांत काकडं घालतात, ती आंबट फळं ह्या दिवसांत मिळत नाहीत, म्हणून चिंचेचा कोळ घातला. सुक्या कोळंबीचे सोडे भिजवून टाकले, वाटलेलं खोबरं लावलं. काड्या बुडख्यांसकट चिरल्या आणि चांगल्या शिजवल्या.

खरं सांगायचं तर भाजी बिघडली. शेंड्यांचा लगदा झाला, बुडख्यांचे दोरे निघाले. घसा खाजला नाही, पण बटरमधल्यांनी तरी कुठे खाजला होता?

"आई, यात ॲस्परॅगस कुठंय? सोडेच लागतायत सगळे."

"दोरे चोख आणि टाक. शेवग्याच्या शेंगा खातोस ना?"

सुनेने रस्सा भातावर दोनदा घेतला.

जेवणं झाल्यावर मुलगा रेग्युलेटर काढायला वाकला. मी सिलिंडरच्या पुढ्यात उभी राहिले.

"भाजीला नावं ठेव हवी तेवढी. शेगडी मी पेटवली, मीच विझवली, खालचं बटणही बंद केलं. आणखी काय राहिलं?"

"दिवसभर तू एकटी असतेस. काही झालं तर?"

"झालं तर होईल. तू कपाटाला कुलूप लावलंस म्हणून मी अमर होणार नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे रे. रोजचं काढा-लावा, मलाही वैताग आलाय."

तो तणतणत आत गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही. रेग्युलेटर तेव्हापासून सिलिंडरवरच आहे. माझा राग मात्र गेलेला नाही, कारण आपण आईला परवानगी दिली असं तो शेजाऱ्यांना सांगतो.