टबातले पाणी

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने आमच्या गावाला फसवले, आणि नंतर कोर्टालाही. गावाला फसवायला मेहनत लागली असेल. कोर्टाला तेवढीही लागली नाही.

गावात हगवणीची साथ आली. नळाची पाइप नालीत फुटली होती, हे शेंबड्या पोरालाही दिसत होते. खात्याने मात्र ठपका आमच्या तलावावर ठेवला आणि मासेमारी बंद केली. आम्ही ढिवर. उन्हाळ्यात पाणी उतरले की मासा धरायचा, हाच आमचा हंगाम. बंदीला आधार काय, तर एक बाटली घाण पाणी. ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर भरली होती, लाखांदूरच्या बाजारात, माझ्याच टबातून. आम्ही मरळ टबात जिवंत ठेवून विकतो. दुपारपर्यंत त्या पाण्याला वास सुटतोच. तलावाचा चिखल तुडवायला नको म्हणून खात्याच्या माणसाने तिथेच काम उरकले. मी तेव्हा हसलो होतो.

सायकलवर मासे विकत वर आलेला माणूस मी, गप्प बसणे मला जमत नाही. नागपूरला हायकोर्टात गेलो. सरकारी वकील बेधडक म्हणाला, नमुना तलावातला आहे. मी उठलो, तर आमच्या वकिलाने सदरा ओढून खाली बसवले. न्यायमूर्ती म्हणाले, पाणी कुठले हे ठरवणे आमचे काम नाही. पण या लोकांचे ऐकून न घेता बंदी घातली, ते चूक. हुकूम रद्द. ऐकून घ्या आणि नव्याने ठरवा.

ठरवणार कोण? तोच अधिकारी.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "जिंकलो ना भाऊ."

"कायचं जिंकलो? बाई माझ्याजवळ मासा घेते तं कल्ले उघडून पाहते. यायनं बाटलीचं झाकणबी नाही उघडलं."

सुनावणीला मी बाजारातला टब घेऊन गेलो, दुसऱ्या तलावातल्या मरळीच्या शिळ्या पाण्यासकट. साहेबांच्या टेबलासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"तुमचा तलाव, साहेब. वळखून घ्या."

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "तुमचं ऐकलं. या आता."

"आयकलं कुठी साहेब? वासच घेतला."

नवा हुकूम शब्दाला शब्द जुनाच निघाला. खाली एक ओळ वाढली होती: संबंधितांना सुनावणी देण्यात आली. तोवर तलावाचे डबके झाले, मासे आत तडफडून मेले आणि सडले. मग खात्याची गाडी पहिल्यांदा तलावाच्या पाळीपर्यंत, बांधापर्यंत आली, तलाव घाण आहे याची खात्री करायला. फुटकी पाइप अजून नालीतच आहे.

वकील म्हणतो, पुन्हा कोर्टात जाऊ. जाईन मी. पण हायकोर्टाने जे विचारले नाही ते मी विचारतो, आणि त्या अधिकाऱ्याने आमच्या तलावाच्या पाळीवर, मेलेल्या माशांसमोर उभे राहून त्याचे उत्तर द्यावे: ती बाटली कुठे भरली?