मायचा वकील

माझ्या मायवर मारहाणीचा खटला झाला तेव्हा मी जळगावला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. साठचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव असोद्याच्या पुढे, आडवाटेला. एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून मी शहरात एका मारवाडी कुटुंबाच्या घरामागची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. त्यांचं कापडाचं दुकान होतं. घरातल्या मोठ्या बाईंना सगळी गल्ली भाभी म्हणायची, मीही म्हणायचे.

एका सकाळी गावातला एक जण निरोप घेऊन आला. मायनं चुलत्याचा हात मोडला होता आणि तिला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

मला आधी खरंच वाटेना. वडील गेल्यापासून माय एकटी केळीची बाग सांभाळत होती, पण तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. हा चुलता म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. त्याची बाग आमच्या बागेला लागून. विहीर दोघांची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पाणी उपसायची इंजिनं ज्याची त्याची. आमचा पाट त्याच्या बांधाकडेनं यायचा. वैशाखात केळीचं एक पाणी चुकलं तरी बाग मान टाकते. त्या दिवशी पाळी आमची होती, इंजिनही आमचंच चालू होतं, आणि चुलत्यानं पाट फोडून पाणी आपल्या बागेत वळवलं. माय फावडं घेऊन पाट बांधायला गेली. बोलाचाली झाली आणि तिनं फावड्याचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. गावाला एवढंच ठाऊक होतं, आणि मायही एवढंच सांगत होती.

मी पोचेपर्यंत गावातल्या एका जाणत्या माणसानं जामीन राहून तिला सोडवून आणलं होतं. ती ओट्यावर बसून डाळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "आली का? चहा टाक."

माझा मामा धुळ्याला सरकारी नोकरीत होता. खबर कळताच तो आला आणि आम्हा दोघींना धुळ्याला घेऊन गेला. तिथले एक नामांकित वकील त्याच्या ओळखीचे होते. एरंडोल, पारोळा करत एसटी चालली होती आणि माय खिडकीतून लोकांची शेतं बघत होती. वकिलांचा बंगला मोठा होता. आत बोलावल्यावर ते सगळं मामाशीच बोलले. मायकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बाईंनी सांगायचं, मी त्या वेळी घरी होते," ते म्हणाले. "तो बांधावरून घसरला आणि हात मोडला. भांडण जुनं आहे, म्हणून त्यानं माझं नाव घेतलं. तसं बघितलेली दोन माणसं उभी करा."

माय म्हणाली, "पन मी तं बागातच व्हती."

"ते मला कळलं. कोर्टाला कळायची गरज नाही."

माय उठली. त्यांना नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली. मामा मागून धावत आला. बसस्टँडपर्यंत तो तिला समजावत होता, शेवटी चिडला. "अक्का, तुला जेलात जायचंय का?"

"जाईन," माय म्हणाली. "मारलं तं मारलं. नही कसं म्हनू?"

त्या दिवशी ती माझ्या खोलीवरच उतरली. भाभी विचारपूस करायला आल्या. त्यांचं मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं असायचं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पिछली गल्लीत एक वकीलसाहेब आहेत ना. आमच्या देवराची केस त्यांनीच चालवली. बोलतात कम, ऐकतात जास्ती. त्यांच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, पक्षकारांसाठी लाकडी बाक, खुंटीवर धुऊन धुऊन तपकिरी झालेला काळा कोट. पन्नाशी उलटलेले, अंगानं किरकोळ. समोरचा बोलू लागला की ते हातातलं पेन टेबलावर ठेवायचे, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उचलायचे नाहीत. माय अडखळत शहरी मराठी बोलायला लागली तसं त्यांनी तिला थांबवलं.

"अक्का, मी यावलकडचा. आपल्या बोलीत सांगा. कोर्टातलं मराठी बोलायला मी आहे."

मायनं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मारलं?"

"मारलं. अन् मी कोर्टात नही म्हननार नही."

"म्हणू नका. पण साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तेव्हा काय सांगाल?"

"हो म्हनीन."

"इथं चुकतंय," ते म्हणाले. "मारणं वेगळं आणि गुन्हा वेगळा. कुणी तुमच्या अंगावर आला आणि तुम्ही स्वतःला सोडवायला मारलं, तर कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही. मारायच्या आधी काय झालं?"

"पानी तोडलं त्यानं."

"त्याच्या नंतर, आणि मारायच्या आधी?"

मायनं एकदम तुमची फी किती, असं विचारलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. फी ते म्हणाले तीच ठरली. वकीलपत्र त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, मधे मधे थांबून तिच्या बोलीत अर्थ सांगितला. वडिलांनी शिकवली होती तशी एकेक अक्षर जोडत मायनं सही केली. आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, "रविवारी येतो. बाग बघायची आहे."

आणि खरंच आले. पांढरा सदरा, टोपी, हातात छत्री. फाट्यावर उतरून उन्हातून चालत आले. त्या दिवशी पाळी आमची होती. इंजिनाचा ठोका सगळ्या शिवारभर ऐकू येत होता, केळीखाली गारवा होता आणि पाटाला ओल्या मातीचा वास होता. ती बाग आता नाही. डोळे मिटले की अजूनही मला तीच दुपार दिसते.

पाट जिथं फोडला होता तिथं आम्ही त्यांना घेऊन गेलो. त्यांनी मायच्या हाती फावडं दिलं आणि मला म्हणाले, "तू चुलता हो. अक्का, ते कुठं उभे होते तिथं हिला उभी करा."

मायनं मला अगदी आपल्याजवळ उभं केलं.

"इतक्या जवळ?" त्यांनी विचारलं. "मग फावडं उगारायला जागा कुठं होती? आणि दांडा मनगटाला लागला म्हणता. त्यांचा हात होता कुठं?"

मायनं फावडं खाली ठेवलं, माझा हात धरला आणि आपल्या अंबाड्यावर ठेवला.

"असा," ती म्हणाली.

मला तिचे केस हाताला लागत होते. मग तिनं सांगितलं. चुलत्यानं केसांना धरून तिला पाटात गुडघ्यावर पाडलं होतं आणि वरून दाबून धरलं होतं. तिनं चिखलातून फावडं ओढलं आणि दांडा मागे, त्या हातावर हाणला. तेव्हा हात सुटला.

"हे कुणाला का सांगितलं नाही?" वकिलांनी विचारलं.

मायनं माझ्याकडे बोट केलं. "इचं लगन व्हाचं हाये. लोक म्हनतीन, एकट्या बाईचे दिरानं केस धरले. पुढचं लोक आपल्या मनानं जोडतीन."

ते बांधावर बसले. टोपी काढून कपाळ पुसलं. "हे कोर्टात सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही सांगितलं तरी मी खटला चालवीन, जमेल तेवढं भांडेन. पण अर्धंच खरं सांगितलं ना अक्का, तर उरलेली जागा समोरचा आपल्या खोट्यानं भरतो."

मी मायला म्हणाले, "माझ्या लग्नाची काळजी करू नको. होईल तेव्हा होईल."

तिनं फावडं उचललं. मग घरी जाऊन त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. तेव्हापासून माय त्यांना वकीलसाहेब न म्हणता भाऊ म्हणायला लागली.

पुढे तारखांचा काळ सुरू झाला. पावसाळा गेला, थंडी आली, आम्ही जळगावच्या कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसत होतो. टंकलेखकांच्या यंत्रांची टकटक, पुकारा करणाऱ्या शिपायाचा लांबलेला आवाज, शेंगांची टरफलं. मी तिथं पुस्तक उघडून परीक्षेचा अभ्यास करायचे, माय शेजारी बसलेल्या बायांशी सुखदुःखाचं बोलायची. बहुतेक वेळा पुढची तारीख पडायची. ते सांगायला भाऊ स्वतः झाडाखाली येत, कारकुनाला पाठवत नसत. तेव्हा ते दिवस कधी एकदा संपतील असं वाटायचं. आज त्या दिवसांची आठवण आली की मायच्या शेजारी तशी निवांत बसायला पुन्हा मिळालं नाही, हेच मनात येतं.

आरोप वाचून दाखवला त्या दिवशी मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

माय म्हणाली, "मारलं हे कबूल. गुन्हा कबूल नही."

मॅजिस्ट्रेटांनी लिहिता लिहिता मान वर केली, भाऊंकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले.

चुलत्याची साक्ष झाली. त्यानं सांगितलं, मी आपल्या बांधावर उभा होतो, बाईनं येऊन वार केला. भाऊंनी उलटतपासणी फार लांबवली नाही.

"त्या वेळी इंजिन कुणाचं चालू होतं?"

"तिचं."

"पाळी कुणाची?"

"तिचीच व्हती."

"मग पाणी तुमच्या बागेत कसं आलं?"

चुलत्यानं सरकारी वकिलाकडे बघितलं. भाऊंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. मग एवढंच विचारलं, "त्यांना तुम्ही हात लावला नव्हता?"

"नही," चुलता म्हणाला, पण खाली बघून.

मग मॅजिस्ट्रेटांनी मायला तिचं म्हणणं विचारलं. आपल्या बोलीत सांगितलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "हळू बोला म्हणजे झालं." मायनं सगळं सांगितलं, पाट फोडल्यापासून हात सुटेपर्यंत. आवाज चढला नाही की रडली नाही. केसांचं सांगताना मात्र तिचा हात आपोआप डोक्यामागे गेला. मागच्या बाकावर चुलती बसली होती. ती मधेच उठून बाहेर निघून गेली. चुलत्यानं तिला जाताना बघितलं.

निकाल लागला तो मायच्या बाजूनं. आपला जीव सोडवण्यासाठी तिनं मारलं आणि गरजेपेक्षा जास्त मारलं नाही, असं मॅजिस्ट्रेटांनी म्हटलं. निर्दोष हा शब्द मला कळला, मायला कळला नाही. मी तिच्या कानात सांगितलं.

विहीर सामाईकच राहिली. चुलता पुढची कित्येक वर्षं आमच्याशी बोलला नाही, पण पाट पुन्हा फुटला नाही. विहिरीतला गाळ काढायची वेळ आली की चुलती निरोप द्यायची आणि माय जायची. माझं लग्न दोन वर्षांनी झालं. सासूबाईंच्या कानावर सगळं आलेलं होतं. एकदा पोळ्या लाटताना त्यांनी विचारलं, "तुझ्या आईनं खरंच दिराचा हात मोडला का गं?" मी हो म्हणाले. त्यांनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "बरं केलं."

निकालाच्या दिवशी भाऊ आम्हाला कोर्टासमोरच्या हॉटेलात घेऊन गेले. माय जन्मात हॉटेलात बसली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. भाऊंनी भजी आणि चहा मागवला. खटल्याचं कुणीच काही बोललं नाही. भाऊंनी यावलकडच्या आपल्या गावचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचीही केळी होती, ती एका वादळात आडवी झाली, म्हणून ते शिकायला बाहेर पडले. मायनं विचारलं, वारा कोण्या बाजूनं आला होता, आणि बागेला त्या बाजूनं वारा अडवायला शेवरी लावली होती का? नव्हती लावली. मग कुठली झाडं किती दाट लावायची, हे ती त्यांना समजावून सांगायला लागली. बोलता बोलता खुर्चीत नीट मागे टेकून बसली, बशीत चहा ओतून घेतला. मी एसटीच्या वेळेची आठवण करून दिली.

"जाऊ दे ती," माय म्हणाली. "दुसरी येईल."