चाचांची पहिली मोटर

यवतमाळला आमच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या, दुकानात मोटरी कमी अन् किस्से जास्त जमतात. मोटर दुरुस्त होऊन जाते, किस्सा इथंच राहतो! त्यातले बहुतेक रशीदचाचांचे, म्हणजे माझ्या उस्तादांचे.

*

मी आयटीआय करून नवाच लागलो होतो. समोर स्लिप रिंग मोटर उघडी पडलेली.

"चाचा, ह्या तीन रिंगांची कटकट कायले?"

"कापसानं भरलेली बंडी एकदम हाकलली तं बैल मोडते का नाही? तसंच हे. रिंगांवर कार्बनचे ब्रश टेकवायचे, रोटरले, म्हंजे आतल्या फिरत्या भागाले, बाहेरून रेझिस्टन्स जोडायचा. करंट कमी, जोर जास्त! वेग धरला का रेझिस्टन्स हळूहळू काढायचा. क्रशर, क्रेन, जिथं भरल्या पोटी उठा लागते, तिथं हेच मोटर!"

आयटीआयच्या दोन वर्षांत डोक्यात न शिरलेलं चहा संपायच्या आत शिरलं.

*

चाचा मोटरचं दुखणं फोनवर ओळखतात. एका तेलमिलवाल्यानं फोन मोटरीजवळ धरला. चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"ब्रश घासले, बदला. आन् पहिले घरात जा, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या!"

*

कळंब रोडच्या एका दगडांच्या क्रशरवरची मोटर चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं तार गुंडाळून भरलेली. पोटच्या पोरीसारखी जपलेली! एकदा लाइट गेली, जबड्यात दगड अडकले. लाइट आली, पण मोटर नुसती गुरगुरे, हलेना. मालक अशोकभाऊंनी भंगारवाल्याचा टेम्पोच बोलावला.

मी अन् चाचा पोचलो, टेम्पो पाहून चाचांचा चेहरा पडला. "अर्धा घंटा द्या भाऊ. नाही चालली तं मीच टेम्पोत चढवतो."

ब्रश ठीक, रिंगा चकचकीत. मग चाचांनी स्टार्टरच्या टाकीत डोकावलं. अशा टाकीत सोड्याचं पाणी असतं, तोच रोटरचा रेझिस्टन्स.

"हे पाणी कोनं बदललं?"

"मीच! लाइट नव्हती तवा टाकी धुऊन फिल्टरचं भरलं, एकदम शुद्ध. बॅटरीले टाकतेत तसं," अशोकभाऊ ऐटीत म्हणाले.

चाचांनी कपाळावर हात मारला. "अहो, शुद्ध पाण्यातून करंट जाईन कसा? सोडा लागते याच्यात!"

शेजारच्या टपरीवरून कमलामावशीचा भज्यांच्या सोड्याचा अख्खा डबा आणला, टाकीत ओतून ढवळला. "बिस्मिल्ला" म्हणत चाचांनी स्टार्टर चालू केला. मोटर थरथरली, फिरली, अन् दगडांचा कडाकडा चुरा! चाचांच्या डोळ्यांत पाणी, आम्ही शिट्ट्या मारतोय.

खुशीत भजी मागवली. पण एकही फुगलेलं नाही, सगळी चपटी!

"सोडा मोटरीनं खाल्ला, मी काय करू?" मावशी म्हणाली.

टेम्पोवाला ताटकळलेला. "मंग मी रिकामाच जाऊ का भाऊ?"

"रिकामा कायले?" अशोकभाऊ म्हणाले. "फिल्टर ने!"