कथेतल्या बाईच्या चपला

मी मुरगूडची. लग्न होऊन कोल्हापुरात शिवाजी पेठेत आले, त्याच दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. कुणी मला विचारलं नव्हतं, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पंचवीस वर्षं त्याच नावाला ओ देत आले.

मुलीचं लग्न झाल्यावर मी बाहेरून एम. ए.ला नाव घातलं. दर रविवारी दुपारी तास असायचे. पहिल्या दिवशी मॅडमनी हजेरी घेतली. एक नाव त्यांनी दोनदा पुकारलं, कुणीच ओ दिली नाही. पुढचं नाव घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं, ते माझंच होतं. दाखल्यावरचं, माहेरचं. उठून सांगायची लाज वाटली. वर्गात बसूनही मी गैरहजर.

मग मॅडमनी एक कथा शिकवली. त्यातली बाई दुपारी घरात कुणी नसताना बाहेरच्या चपला पायांत चढवून स्वयंपाकघरात बसते. स्वतःला माहेरच्या नावानं हाक मारते आणि स्वतःच 'आले' म्हणते. कडी वाजली की चपला काढून दार उघडते. एवढीच कथा. नायिकेचं दुभंगलेपण आणि कथेतली प्रतीकं यावर घरून लिहून आणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोरा कागद घेऊन बसले. समोर सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना मी आत्ती म्हणते.

"काय लिवतीस एवढं?"

मी गोष्ट सांगितली. हसतील असं वाटलेलं. त्यांचा हात थांबला.

"मग? गेली का ती?"

"न्हाई. गोष्ट तिथंच संपत्या."

"जाणार तरी कुठं म्हणा."

मी विचारलं, "आत्ती, तुमचं माहेरचं नाव काय ओ?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. मग नाव सांगितलं, दुसऱ्या कुणाची तरी चहाडी करावी तसं, हळू आवाजात.

"एकदा हाक मार की मला."

मी मारली.

"जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं हाक मारली. त्यांनी तोंडावर पदर धरला. "व्हय," म्हणाल्या. डोळे भरले होते, पण माझ्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात उचगावच्या कारखान्यातून हे त्या दिवशी लवकर घरी आले. दारातूनच म्हणाले, "कुणाला हाका मारालीस गं? कोण आलंय?"

"कुणी न्हाई," आम्ही दोघी एकदमच बोललो.

"मग चहा टाक."

मी उठले. आत्तींनी लसणाची परडी पुढं ओढली.

त्या आठवड्यात मी निबंध पुरा केला. चपला म्हणजे मुक्तीची ओढ, कडी म्हणजे बंधन, असं वर्गात ऐकलेलं सगळं नीटनेटकं मांडलं. ती बाई बाहेर पडत नाही, कारण त्या नावानं तिला ओळखणारं बाहेर कुणी उरलेलंच नाही, यावर एक पान वेगळं लिहिलं होतं. पण माझे कागद हे चाळतात. यांनी वाचून विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मी ते पान फाडून टाकलं. आत्तींनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

निबंधाला चांगले गुण मिळाले. खाली मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं: 'नायिका घराबाहेर का पडत नाही, याचा विचार हवा होता.'

मी शेरा दोनदा वाचला. मॅडमना जाऊन सांगावं म्हणून उठलेही. पण साडेचार होऊन गेले होते आणि पाचच्या आत घरी पोचायचं होतं. कागद पिशवीत घातले आणि बसस्टॉपकडं निघाले.