सुदानची पाहुणी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी औरंगाबादच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सुदानची एक मुलगी होती. त्या काळी तिकडून बरीच मुलं शिकायला येत. तिच्या गावात बारावीनंतर शिकायची सोयच नव्हती, आणि राजधानीतल्या जागा राजधानीतल्या बड्या घरच्या मुलांनाच मिळत, असं ती सांगायची. दिवाळीत वसतिगृह ओस पडणार, म्हणून मी तिला परळीला घरी घेऊन आले.

आमचं किराणा दुकान. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या शेजारी जाऊन बसली. एकेका वस्तूवर बोट ठेवून तिचं अरबी नाव सांगू लागली. साबणाला साबून, साखरेला सुक्कर. दुकानाला तर दुकानच. अण्णा खूश. "ही तर आपल्याच मुलखातली निघाली की," म्हणून शेजारच्या कापडवाल्याला बोलावून दाखवलं.

माझी धाकटी बहीण त्याच वर्षी बारावी झाली होती. मला औरंगाबादला पाठवलं ते तिथं मामा होते म्हणून. पण मामांची बदली झाली, माझंही शिक्षण संपत आलं होतं, आणि पोरीला एकटं ठेवायचं नाही, असं अण्णांनी ठरवलं. धाकटी घरीच बसली. तिच्याहून कितीतरी कमी मार्कांचा भाऊ मात्र पुण्यात इंजिनिअरिंगला होता.

जेवताना पाहुणीनं मोडक्या हिंदीत विचारलं, "भाई पूना में. ये किधर पढ़ती?"

आई म्हणाली, "घरीच हाय."

"क्यों?"

अण्णांनी तिलाच विचारलं, "तू इतक्या लांब आलीस. तुझी आई रडली न्हाई का?"

मी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "बहुत रोई. फिर मेरा बॅग भरा."

आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. अण्णा धाकटीकडे बघत जेवले.

आम्ही परत निघायच्या आदल्या संध्याकाळी ते धाकटीला म्हणाले, "औंदा साल गेलंच. जूनमध्ये जा ताईच्या कॉलेजात. आन् कावून रडायलीस आता?"

जूनमध्ये स्वतः अण्णाच एसटीनं तिला पोचवायला गेले. वसतिगृहाच्या बाईंना म्हणाले, "हिला लई तिखट लागतंय जेवणात, तेवढं बघा." धाकटी लाजेनं लाल झाली. पण तो दिवस आठवला की आजही आम्ही दोघी हसतो.