बेसिनजवळची बरणी

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तिला सगळे मिरची म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर 'थोरल्या सिस्टर'. तिला हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तळहाताएवढी बाळं जगवण्यात तिची उभी हयात गेली होती. "हिने केलेल्या चहालासुद्धा साबणाचा वास येतो," असं नवरा एकदा म्हणाला. "मग तुम्हीच करत चला," म्हणून तिने त्याला जन्माचा चहाला लावला.

त्या वर्षी विभागात एक जंतू शिरला आणि कुठल्याच औषधाला दाद देईना. आधी एक बाळ मलूल पडलं, मग त्याच्या पलीकडचं. मग जुळ्यांतली मुलगी गेली. तिचा भाऊ शेजारच्या काचपेटीत होता. त्याच्या रक्तात अजून काही निघालं नव्हतं. त्यांची आई ओल्या बाळंतपणात बाहेरच्या बाकावर बसून असायची. दूध काढून आत द्यायची आणि दार उघडलं की उठून उभी राहायची.

"या पोराला मी त्या मेल्याच्या तावडीत जाऊ देणार नाही," मिरची म्हणाली. मेला म्हणजे जंतू. त्याला ती शिव्याही माणसासारख्या घालायची.

जंतूतपासणीचे डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेले. नळ, काचपेट्या, श्वासाच्या नळ्या, वजनकाटा, अगदी दाराची कडीसुद्धा त्यांनी सोडली नाही. कुठेच काही सापडेना. जंतू ताकास तूर लागू देत नव्हता. मग हुकूम सुटला: हात धुवा, आणखी धुवा. हाताखालच्या नर्स पोरींनी धुतले. धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त आलं, आणि त्या बिचाऱ्या बेसिनजवळच्या बरणीतलं क्रीम लावून पुन्हा कामाला लागल्या.

"सगळं तपासायला दिलंत ना?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"सगळं," ती ठामपणे म्हणाली आणि हात धुवायला वळली. हात पुसले. सवयीने दोन बोटं बरणीत गेली आणि तिथेच थांबली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही बरणी दवाखान्याची नव्हतीच, म्हणून कुणाच्या लेखी ती वस्तूच नव्हती. मिरचीने ती घरून आणली होती. नव्या पोरींचे हात बघवेनात, म्हणून मायेने. आणि माया अशी दांडगी की बरणीचा तळ कधी दिसू दिला नाही. जुनं संपायच्या आत वर नवं भरायचं. धुवायची वेळच आली नाही. जी पोरगी जास्त कसोशीने हात धुवायची, तिचीच बोटं जास्त वेळा त्यात बुडायची.

तिने बोटं बाहेर काढली. झाकण लावून बरणी डॉक्टरांच्या हातात दिली. "ही माझी. ही राहिली होती."

तपासणीत तोच जंतू निघाला. तळापासून वरपर्यंत.

विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. ते चिडले नव्हते, हेच तिला सोसवेना. ते म्हणाले, "जुळ्यांच्या आईशी मी बोलतो. विभागाकडून चूक झाली, असं सांगू."

"सर, बरणी विभागाने नाही आणली. मी आणली."

"अहो, पण तुम्ही काय मुद्दाम…"

"मुद्दाम नाही, तेही सांगेन. पण सांगणार मीच."

ती बाकावर त्या आईशेजारी बसली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बरणी, क्रीम, न धुता वर भरत राहणं. शेवटी म्हणाली, "तुझी मुलगी गेली त्यात माझा हात आहे. मी जगेन तोवर हे मला पुरेल. पण आत तुझा मुलगा आहे, आणि मी त्याला सोडून घरी बसणार नाही. तू म्हणशील तरच मात्र त्याला हात लावीन. नाहीतर लांबून बघेन."

आई रडली नाही. मिरचीला वाटलं, हिने एकदाची थोबाडीत मारावी.

"मला आत बसू द्या," आई म्हणाली. "आजपासून त्याच्या पेटीजवळ. त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे हात आधी मी बघणार. डॉक्टर असोत, नाहीतर कुणीही."

"बस. कुणी अडवलं तर मला सांग."

"पहिले तुमचे."

दोघी आत गेल्या. मिरचीने बाह्या वर सारल्या आणि नळ सोडला. साबण भेगांत झोंबला, पण तिने हूं की चूं केलं नाही. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं धुऊन झाल्यावर तिने दोन्ही हात आईसमोर धरले.

आईने ते उलटसुलट करून पाहिले. अंगठ्याजवळच्या एका भेगेपाशी ती थबकली.

"इथे परत," ती म्हणाली.

मिरचीने पुन्हा नळ सोडला.